विठ्ठलाला माउली म्हणवत नाही, माझं काही चुकतंय का?

फलटणची_लेक

नमस्कार. वाचते रोज पण लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर फलटण तालुक्यातलं. घर वारकरी, अण्णांच्या गळ्यात माळ, पालखी फलटणला मुक्कामाला आली की आमच्या घरी पिठलं-भाकरीच्या पंगती. मी सहा वर्षांची असताना आई घर सोडून गेली. का गेली, काय झालं ते सगळं पुष्कळ नंतर कळलं, तिचीही काही कारणं होती, ते इथे नको. पण गेली ती आली नाही.

अण्णा एसटीत कंडक्टर. पहाटेची ड्यूटी असली की साडेचारला मला उठवायचे, पाटावर बसवायचे आणि वेण्या घालायचे. आधी तळहातावर खोबरेल तेल, त्यांच्या बोटांना कायम नाण्यांचा वास असायचा, आंघोळ झाली तरी जायचा नाही, तो तेलात मिसळायचा. भांग सरळ पडायचा नाही म्हणून तीन तीनदा मोडून परत पाडायचे. एवढं करून एक वेणी कानाच्या वर आणि एक खाली, आणि रिबीन इतकी घट्ट की दुपारपर्यंत कपाळ ताणलेलं. हे सगळं चालू असताना तोंडाने हरिपाठ. मला हरिपाठ पाठ झाला तो असा, डोकं मागे ओढलेलं असताना. 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' म्हणलं की अजून मला टाळूवर कंगवा जाणवतो.

तर विठ्ठल म्हणलं की माझ्या डोळ्यासमोर अण्णाच येतात. सावळा, कमी बोलणारा, कमरेवर हात ठेवून उभा, कुठेही न जाणारा. बाप.

आता मी पुण्यात असते, आमच्या सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे, दर एकादशीला जमतो आम्ही. बाकी सगळं मी मोकळेपणाने म्हणते पण 'येई हो विठ्ठले माझे माउली ये' सुरू झालं की घसा आवळतो. विठाई, विठाबाई, माय हे शब्द आले की मी नुसतं तोंड हलवते. मागच्या एकादशीला मंडळातल्या एका मोठ्या बाईंच्या लक्षात आलं आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, माउली म्हणायला जीभ रेटत नाही ती वारकरी कसली, आधी आईला माफ कर आणि मग भजनाला ये. मी काही बोलले नाही, टाळ ठेवले आणि घरी आले. तेव्हापासून नीट झोप नाहीये.

मला खरंच जाणत्या लोकांना विचारायचंय, की सगळे संत देवाला आई म्हणतात आणि मला तो बाप म्हणूनच दिसतो तर माझी भक्ती उणी आहे का. आणि मनात येतं ते रूप जबरदस्तीने बदलायचा प्रयत्न करावा का, म्हणजे डोळे मिटून आईचं रूप आणायचं असं काही? करून बघितलं मी. कोणीच येत नाही समोर.

पखवाज_काका

ताई, आधी एक सांगतो, टाळ परत हातात घ्या. भजनाला बसायला कोणी कोणाला माफ केलेलं असायची अट नाही, मी चाळीस वर्षं दिंडीत पखवाज वाजवतोय, अशी अट कधी ऐकली नाही. त्या बाईंना वाईट म्हणत नाही पण बोलल्या ते चूक बोलल्या.

आता तुम्ही जिथे अडताय तीच आरती घेऊ. 'येई हो विठ्ठले'. सीतेला हाक मारायची तर सीते, गंगेला गंगे, तसं हे विठ्ठले, म्हणजे हाक बाईला मारलीय. नामदेवांचंच दुसरं घ्या, 'तू माझी माउली मी वो तुझा तान्हा, पाजी प्रेमपान्हा पांडुरंगे', इथेही पांडुरंगा नाही, पांडुरंगे. बरोबर? पण तीच आरती पुढे म्हणा. 'गरुडावरी बैसोन माझा कैवारी आला.' कैवारी आला. आली नाही. एका आरतीत हाक आईला मारली आणि आला तो पुरुष, पीतांबर नेसून. आपण इतकी वर्षं टाळ्या वाजवत म्हणतो आणि कोणाला खटकत नाही कारण त्यात खटकण्यासारखं काही नाहीच.

ज्ञानोबारायांचं 'रंगा येई वो ये' तुम्हाला येत असेलच. विठाई किठाई माझे कृष्णाई कान्हाई, वैकुंठवासिनी, जगत्रजननी, सगळं बाईला शोभेल असं. आणि शेवटी काय, 'बाप रखुमादेवीवरे वो'. बाप आणि वर रखुमाईचा नवरा! ही तर त्यांची मुद्राच, कितीतरी अभंगांच्या शेवटी बाप रखुमादेवीवरू येतं. म्हणजे बाप म्हणणं उणं असेल तर ते उणं ज्ञानेश्वरांनी आयुष्यभर केलं असं म्हणावं लागेल.

पण ताई तुमच्यासाठी खरा अभंग जनाबाईचा आहे. 'विठो माझा लेकुरवाळा.' हा शब्द जरा तोंडात घोळवून बघा. आपण लेकुरवाळी म्हणतो. हळदीकुंकवाला लेकुरवाळी बाई बोलावतात, लेकुरवाळा पुरुष बोलवा असं कोणी म्हणत नाही. जनीने तो बायकांचा शब्द उचलला आणि विठोबाला लावला, त्याला बाई न करता. तो पुरुषच राहिला, पण निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, ज्ञानेश्वर पुढे चाललाय, मुक्ताई मागे, गोरोबा मांडीवर, बंका कडेवर, नामा करंगळी धरून. एवढी पोरं अंगाखांद्यावर घेऊन निघालेला बाप. तुमच्या अण्णांचं वाचलं तेव्हा मला हाच अभंग आठवला, लगेच.

आणि त्याच जनीचं न्हाणं विठोबाने केलं, केस विंचरले, उवा काढल्या असं आपण कीर्तनात ऐकत आलो. तुम्ही पाटावर बसून काय वेगळं बघितलंत?

अजून एक, जरा माझं. मी सोळा वर्षांचा असताना आमच्या बुवांनी मला गौळण म्हणायला लावली. मिसरूड फुटलेलं, आवाज फुटलेला आणि म्हणायचं 'मी गेले', 'मला अडवलं'. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बुवा म्हणाले, तुकोबांना लाज वाटली नाही, तुला कशाला वाटते. तेव्हा त्यांनी विराण्या वाचून दाखवल्या. तुकोबा म्हणतात लोकांनी मला वाळीत टाकू दे, शिंदळ म्हणू दे, मी वनमाळीला सोडणार नाही. बायकोमुलांचा, दुकान केलेला माणूस, आणि बोलतोय व्यभिचारी बाईच्या तोंडाने. आणि 'कन्या सासुर्‍यासि जाये, मागे परतोनी पाहे' यात तर ते सासरी निघालेली पोर आहेत, चार ओळी पुढे गेलं की आईला चुकलेलं बाळ आहेत, मग पाण्याबाहेरची मासोळी. एका अभंगात तीन. आपण पुरुष मंडळी हे म्हणताना रडतो, ते काय खोटं रडतो का.

निर्गुणी_१

एवढी चर्चा कशाला. देवाला लिंग नाही. आई, बाप, बंधू, सखा ही सगळी आपल्या मनाने चढवलेली कपडे. 'तुज सगुण म्हणो की निर्गुण रे, सगुण निर्गुण एकु गोविंदु रे' हे पण ज्ञानेश्वरांचंच आहे. ताईंनी रूपाचा विचार सोडावा आणि नाम घ्यावं. रूप धरलं की आठवणी येणार, आठवणी आल्या की दुःख येणार.

फलटणची_लेक

काका, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. लेकुरवाळा हा शब्द मी शंभर वेळा म्हणलाय आणि कधी ऐकला नव्हता.

निर्गुणी दादा, तुमचं पटतं मला डोक्याने. पण मागच्या पावसाळ्यात माझा धाकटा तापाने फणफणला होता, रात्री दोन वाजता मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले होते, तेव्हा तोंडातून आपोआप 'विठ्ठला, बाबा, बघ रे' असंच आलं. त्या वेळेला मला हाक मारायला कोणीतरी लागतं. आणि आठवणी येतात म्हणून रूप सोडा म्हणता, तर माझ्या आठवणीत दुःखाइतकाच तो तेलाचा वासही आहे, तो सोडायचा नाहीये मला.

सोलापूरच्या_बाई

मी मराठीची शिक्षिका होते, आता निवृत्त. काकांनी व्याकरण छान सांगितलं, त्यात माझी भर.

लेकी, तुला ज्यांनी 'माउली' म्हणायची सक्ती केली त्यांना हे विचारावंसं वाटतं की हा शब्द आपण सगळ्यात जास्त कोणासाठी वापरतो? आळंदीच्या त्या मुलासाठी. एकवीस वर्षांचा होता, १२९६ साली समाधी घेतली. आणि त्या चारही भावंडांचे आईबाप ती लहान असतानाच गेलेले. ज्याला स्वतःला आई उरली नव्हती त्याला आपण सातशे वर्षं माउली म्हणतोय. मग त्याने आई कुठे शोधली ते बघ. ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय उघड, सुरुवातीलाच 'जय जय वो शुद्धे', गुरूच्या कृपेला तो आई म्हणून हाक मारतो. सतराविये कलेचं, म्हणजे योग्यांच्या अमृताचं, दूध पाजतेस, अनाहताचा, म्हणजे न वाजवता उमटणाऱ्या नादाचा, हल्लरू गातेस म्हणतो, हल्लरू म्हणजे अंगाई. आणि हे गुरू कोण, निवृत्तिनाथ. सख्खा थोरला भाऊ. जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा. आई गेलेल्या घरात थोरल्या भावाने अंगाई म्हणली आणि धाकट्याने त्याला आई म्हणलं, मला तर बारावा अध्याय वाचताना नेहमी असंच घर दिसतं. तुझ्या घरी ते काम वडिलांनी केलं.

त्यामुळे ज्याला आईचं प्रेम मिळालं तोच देवाला आई म्हणू शकतो आणि ज्याला मिळालं नाही त्याची भक्ती अडली, हे अजिबात खरं नाही.

दुसरी गोष्ट कान्होपात्रेची, ही मला फार जवळची आहे कारण माझं माहेर मंगळवेढ्याचं, तिच्याच गावचं. नायकिणीची मुलगी, रूप असं की बिदरच्या बादशहाने मागणी घातली, न्यायला शिपाई आले अशी कथा आहे. ती पंढरपूरला देवळात होती. तेव्हाचा तिचा अभंग म्हणून आपण 'नको देवराया अंत आता पाहू' म्हणतो. सुरुवातीला देवराया. मोठा, राजा, रक्षण करणारा. हरिणीचं पाडस वाघाने धरलंय म्हणते. आणि मग दोनच ओळींनी, 'तुजविण ठाव न दिसे त्रिभुवनी, धावे वो जननी विठाबाई'. मी वर्गात हा अभंग शिकवायचे तेव्हा इथे थांबायचे. जिच्याकडे प्रत्येक पुरुषाने एकाच नजरेने बघितलं, तिला शेवटच्या घटकेला पुरुष नको झाला असेल. राजाला हाक मारता मारता तिच्या तोंडून आई निघाली. कोणी तिला सांगितलं नव्हतं की आता लिंग बदल. गरज बदलली, हाक बदलली.

तुझी गरज वेगळी आहे म्हणून तुझी हाक वेगळी. उद्या कदाचित बदलेल, कदाचित नाही बदलणार. डोळे मिटून जबरदस्तीने रूप आणायचं काम करू नकोस, त्यातून फक्त डोकं दुखतं.

आणि जनीने तर विठोबाला पोरासारखं झोडपलंय पण, 'अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या'. आई, बाप, कारटं, सगळं एकच बाई एकाच देवाला म्हणते. माझी आजी जात्यावर बसली की तिच्या ओव्यांमध्ये विठ्ठल हा भाऊ असायचा आणि रुक्मिणी भावजय, पंढरपूरला जाणं म्हणजे भावाकडे माहेरपणाला जाणं. तिला सख्खा भाऊ नव्हता.

कापडबाजार_नगर

मी ख्रिस्ती आहे, इथे लिहावं की नाही असा विचार करत होते, पण ताईंची गोष्ट माझ्या अगदी उलटी आणि तरी तीच आहे म्हणून लिहिते.

आमच्याकडे रोजच्या प्रार्थनेची सुरुवातच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी. मी लहानपणी हा शब्द म्हणताना घाबरायचे. माझे पप्पा दारू पीत. संध्याकाळी गेटची कडी वाजली की त्या आवाजावरून आम्हाला कळायचं आज कसे आलेत. हळू वाजली तर ठीक. जोरात वाजली की मम्मी आम्हाला आतल्या खोलीत घालायची आणि आम्ही तिथे गुडघ्यावर बसून प्रार्थना करायचो, आणि प्रार्थनेतली पहिलीच हाक पित्या. तुम्ही विचार करा. ज्याच्यापासून लपून बसलोय त्याच्याच नावाने हाक. मी तो शब्द गिळायचे आणि त्याच्या पुढून सुरू करायचे. कित्येक वर्षं कोणाला कळलं नाही कारण सगळे एका सुरात म्हणतात.

कॉलेजात असताना आमच्या मंडळीतल्या एका मावशींना सांगितलं मी हे. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी रेव्हरंड टिळकांच्या अभंगांचं जुनं पुस्तक काढून दिलं. नारायण वामन टिळक, आमच्या नगरचेच म्हणतो आम्ही त्यांना, १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण अभंगाचा कान त्यांनी सोडला नाही, आणि त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारलीय. पुरुष म्हणून जन्मलेला, दाढी असलेला ख्रिस्त, आणि त्याला माउली. मला तोवर वाटायचं हा शब्द आमचा नाही, तुमचा आहे. त्या दिवशी रात्री पहिल्यांदा मी पूर्ण प्रार्थना म्हणली, फक्त तो एक शब्द बदलून.

नंतर बायबल नीट वाचायला लागले तेव्हा दिसलं की ते तिथेही आहेच. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो आई जसं मुलाचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. आणि येशू यरुशलेमकडे बघून म्हणतो की कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते तसं मला तुम्हाला घ्यायचं होतं. कोंबडी! आमच्या परसात कोंबड्या होत्या, घार आली की ती कशी फुगून बसते आणि तिच्या पोटाखालून नुसत्या चोची दिसतात ते मी रोज बघितलंय, त्यामुळे ते वाक्य मला फार लागलं.

आता पप्पा नाहीत. शेवटची दोन वर्षं त्यांनी दारू सोडली होती आणि मीच त्यांना भरवायचे. त्यानंतर कधीतरी, मी ठरवून नाही केलं, चर्चमध्ये सगळ्यांबरोबर म्हणताना 'पित्या' आलं तोंडातून. आजही घरी एकटी असले की माउलीच म्हणते. दोन्ही चालू आहे.

ताई, तुमचा घसा आवळतो ना, त्या ओळीला गप्प राहा. बाकीच्या बायका म्हणतायत तोवर तुम्ही फक्त टाळ धरा. मी अकरा-बारा वर्षं एक शब्द गिळून प्रार्थना केली आणि मला नाही वाटत की ती पोचली नाही.

रिद्धपूरकर

अमरावतीकडचा आहे, आमचा पंथ महानुभाव, वारकऱ्यांच्या गोष्टीत फार बोलत नाही. पण आमच्या गोविंदप्रभूंबद्दल, म्हणजे चक्रधरस्वामींच्या गुरूंबद्दल, तेराव्या शतकातलं रिद्धपूरचं वचन आहे, 'राऊळ माय, राऊळ बाप'. राऊळ म्हणजे तेच, गोविंदप्रभू. गावातली साधी माणसं हे म्हणायची, त्यांनी आधी माय की आधी बाप असा वाद घातल्याचं काही वाचनात नाही. घरात कोणी गेलं की माझी आई दोन्ही शब्द एका श्वासात म्हणते.

मार्दोळकर

आमच्या गोव्यात मार्दोळला म्हाळसा आहे, विष्णूचा मोहिनी अवतार मानतात तिला, म्हाळसा नारायणी. देवी आहे, साडी नेसते, कुंकू लावते, आणि गळ्यात जानवं असतं. लहानपणी मी आजीला विचारलं होतं की देवीला जानवं कसं, तर ती म्हणाली तिचं आहे म्हणून. एवढंच. मला तेव्हा ते उत्तर पुरलं होतं आणि आजही पुरतं.

निर्गुणी_१

वरचं सगळं वाचलं. फलटणच्या ताई, मी जरा घाईने लिहिलं होतं. माझी आई मागच्या वर्षी गेली आणि तेव्हापासून मला विठाई हा शब्द ऐकवत नाही, म्हणून मी नामावर आलो. हे मला लिहिताना माहीत नव्हतं, तुमचं तापाचं वाचल्यावर कळलं. नाम घ्या हे मी अजूनही म्हणेन, पण रूप सोडा असं म्हणायला नको होतं.

सोलापूरच्या_बाई

निर्गुणी, लेकरा, सावकाश. ऐकवत नसेल तर नको ऐकूस.

फलटणची_लेक

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. नगरच्या ताई, तुमचं मी तीनदा वाचलं. आपण कधी भेटलो तर मला तुमच्या शेजारी बसायचंय.

काल अण्णांना फोन केला होता. त्यांचं वय आता चौर्‍याहत्तर, ऐकू कमी येतं, फोनवर ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे असलं काही ओरडून विचारायचं म्हणजे अवघडच. तरी विचारलं, की अण्णा तुम्हाला विठ्ठल आई वाटतो का बाप. त्यांना आधी वाटलं मी कोणाच्या आजारपणाचं बोलतेय. मग कळल्यावर म्हणाले, मला काय वाटायचंय, मी जातो, पायावर डोकं ठेवतो, पुढच्याला जागा देतो. आणि मग विचारलं केसांना तेल लावतेस का.

फोन ठेवल्यावर मला एक गोष्ट आठवली जी मी विसरूनच गेले होते. पंढरपूरला आम्ही दरवर्षी जायचो, कार्तिकीच्या आसपास, त्यांना रजा मिळेल तशी. विठ्ठलाचं दर्शन झालं की मागे रखुमाईच्या देवळात. तिचं देऊळ वेगळं का, तर ती रुसून द्वारकेहून निघाली आणि दिंडीरवनात येऊन बसली, देव तिला शोधत आला, ही गोष्ट मला अण्णांनीच सांगितलेली. विठ्ठलापुढे ते खरंच दोन सेकंदात हलायचे. पण रखुमाईपुढे थांबायचे. मागचे लोक ढकलायचे, तिथले माणूस 'चला चला' म्हणायचे, तरी उभे, माझा हात घट्ट धरून. मला तेव्हा कंटाळा यायचा, पाय दुखायचे, मी त्यांचा सदरा ओढायचे. कधी विचारलं नाही मी त्यांना की तिथे काय मागता. आता ओरडून विचारवणार नाही.

येत्या एकादशीला जाणार आहे मंडळात. त्या बाईंशी भांडायला नाही. मी आमच्या पेटी वाजवणाऱ्या ताईंना विचारलंय की या वेळेला 'विठो माझा लेकुरवाळा' मी म्हणू का, त्या हो म्हणाल्या. पखवाज काका, फक्त एक सांगा, आमच्या बायकांचा सूर काळी चार असतो, आणि मी एकटीने कधी अभंग म्हणलेला नाहीये. साधी चाल कुठली घेऊ? आमच्याकडे पखवाज नाही, ढोलकी आहे आणि टाळ.

पखवाज_काका

ढोलकी चालेल ताई, भजनी ठेका धरायला सांगा, घाई नको. काळी चारमध्ये वर ताण येत असेल तर तुमच्यापुरतं अर्धा-एक सूर खाली घ्या, पेटीवाल्या ताई समजून घेतील, पहिल्यांदा म्हणताना सगळेच घेतात. चाल तुमच्या अण्णांना येत असेल तीच घ्या, फलटणकडची जुनी चाल फार गोड आहे. आणि ध्रुवपद बायकांना दोनदा मागे म्हणू द्या, म्हणजे तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळेल. 'गोरा कुंभार मांडीवरी' इथे सगळ्यांची लय पळते, तिथे टाळ जरा दाबून धरा.